भोकरावरच्या उवा

ऑक्टोबरातला पहिला रविवार, सकाळी सव्वासात. जागा: आमच्या सोसायटीच्या आवारातलं भोकराचं झाड. हजर: मी, सोसायटीची सचिव, वहीसह. तळमजल्यावरच्या काकी, प्लास्टिकच्या खुर्चीसह. माझी शाळेपासूनची मैत्रीण, पनवेलमधल्याच एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारी, भिंगासह. शिवाय बुंध्यावर, पांढऱ्या रेशमाखाली, काही हजार सदस्य. त्यांची हजेरी घेता आली नाही. गैरहजर: चेअरमन. ते साडेनऊला येणार होते आणि फवारणीवाला दहाला.

म्हणजे आमच्या हातात सव्वादोन तास होते, आणि त्यातला बराचसा वेळ आम्ही तिघी नुसत्या हसत होतो. हे मी इतिवृत्तात घेतलेलं नाही.

आधी झालं काय ते सांगते. जासईच्या एका कंटेनर यार्डात कागदपत्रांच्या टेबलावर माझी वीस वर्षं गेली. माल येतो, यादी येते, यादीप्रमाणे टिक करायची. लाकडी पेटीवर साल राहिलेली दिसली, किंवा सालीवर काही चालताना दिसलं, की पेटीला धुरी द्यायची, धुरीचा दाखला जोडायचा, मग माल पुढे. त्यात विचार करायचा नसतो. लाकडी पेटीसाठी हा उत्तम नियम आहे. मी तो घरी घेऊन आले, ही पहिली चूक.

त्या आधीच्या मंगळवारी सकाळी बससाठी निघाले तर भोकर पांढरं झालेलं. मुळापासून पहिल्या फांदीपर्यंत बुंध्याला कुणीतरी मलमल घट्ट गुंडाळावी तसं. ऊन पडलं की ते चमकत होतं. जवळ जाऊन पाहिलं तर मलमलीच्या आत तिळाहून लहान, तपकिरी असे शेकडो जीव चाललेले. मी फोटो काढला. फोनने ताबडतोब नाव सांगितलं: बार्कलाउस. तेवढ्यात बस आली.

सूचना मी बसमध्ये बसून लिहिली. आता, सोसायटीच्या सूचना शुद्ध मराठीत असाव्यात असा माझा आग्रह आहे. लिफ्ट बंद असली तर मी ‘उद्वाहन’ बंद आहे असं लिहिते आणि त्यावरून माझी थट्टा होते, ती मला मान्य आहे. बार्क म्हणजे साल, लाउस म्हणजे ऊ. गव्हाण फाटा येईपर्यंत सूचना सोसायटीच्या ग्रुपवर गेलीही: ‘आवारातील भोकराच्या झाडावर मोठ्या प्रमाणात उवा आढळल्या आहेत. सदस्यांनी झाडाजवळ जाऊ नये. योग्य ती उपाययोजना करण्यात येईल.’ ही दुसरी चूक, आणि ही पहिलीपेक्षा मोठी.

उवा या शब्दाचं असं आहे की तो नुसता वाचला तरी डोकं खाजतं. आत्ता तुमचाही हात कानामागे गेला असेल. संध्याकाळी मी घरी परतले तेव्हा चोवीस बिऱ्हाडांपैकी निम्म्या घरांतून कडुनिंबाच्या तेलाचा वास येत होता. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या बारीक दातांच्या फण्या संपल्या होत्या. दूधवाल्याने पिशव्या गेटवरच ठेवून पळ काढला होता. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी केसांना टॉवेल बांधून जिना उतरताना भेटल्या आणि म्हणाल्या, “तुम्ही भिंतीकडून जा हं, मी कठड्याकडून जाते.” चेअरमनांच्या डोक्यावर गेली कित्येक वर्षं एक केस नाही, पण त्यांच्या हातातसुद्धा उवांच्या औषधाची बाटली होती.

“सर, तुम्हाला कशाला?” मी विचारलं.

“मॅडम, खाज सुटलीय. कुठे सुटलीय ते सांगता येत नाही, पण सुटलीय.”

आमच्या ह्यांनी तर रात्रीच्या जेवणाला वेगळं ताट मागितलं. का, म्हटलं, तर म्हणे, “तू त्या झाडाला हात लावलास. फोटोत बोट दिसतंय तुझं.”

इथवर मजाच होती. शुक्रवारी चेअरमन घरी आले आणि त्यांनी माझ्यापुढे एक अर्ज ठेवला. पालिकेच्या उद्यान विभागाला. विषय: धोकादायक व कीडग्रस्त वृक्ष तोडण्याची परवानगी मिळणेबाबत. छापील नमुना होता. त्यात एक रकाना होता, ‘झाडास कीड अथवा रोग असल्यास तपशील’. त्या रकान्यात लिहिलं होतं, ‘उवा. सचिवांची सूचना सोबत जोडली आहे.’ आणि खरंच माझी सूचना, छापून, टाचणी लावून, मागे. अकरा सभासदांच्या सह्या झाल्या होत्या. तेरा झाल्या की अर्ज सोमवारी जाणार. तोवर रविवारी दहा वाजता फवारणी करून घ्यायची, म्हणजे उवा जिन्यात येणार नाहीत.

“झाड गेलं तर तीन गाड्या लागतील,” चेअरमन म्हणाले. माणूस वाईट नाही. पार्किंगच्या तक्रारी त्यांच्याकडेच येतात. पण त्या अर्जात खोटं काहीच नव्हतं, जे होतं ते सगळं मी लिहिलेलं होतं, आणि तरी मी अर्ज सही न करता परत दिला.

कारण झाड काकींचं आहे. आमची इमारत उभी आहे ती जमीन काकींच्या घरची. आगरी माणसं, पूर्वी इथे भात पिकवायची. बिल्डरला जमीन देताना काकींनी दोन गोष्टी मागून घेतल्या: तळमजल्यावरचं घर आणि हे भोकर. कागदावर घराचं नाव आहे, भोकराचं नाही. मे महिन्यात त्याची हिरवी भोकरं काढून काकी लोणचं घालतात. भोकराचा चिकट गर मिठात बोटं बुडवून बोटांनी काढावा लागतो. तो हाताला, पदराला, दाराच्या कडीला चिकटतो. आठवडाभर काकींच्या घरातली प्रत्येक वस्तू दुसऱ्या वस्तूला धरून असते. तीन लेकींना तीन बरण्या जातात, चौथी आमच्या मजल्यावर फिरते.

शुक्रवारी मी खाली जाऊन त्यांना अर्जाचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “सातबाऱ्यावरनं माजं नाव गेलं, तवा मी रडले नाय. सगल्यांचंच गेलं. पन झाडाला उवा कोनी लावल्या?”

“मी, काकी. कागदावर.”

“मंग कागदावरच्या कागदावरच मार.”

हे मला पटलं. मी वहीत लिहिलं: एक, उवा आहेत का ते जाणकाराकडून तपासणे. दोन, फवारणीच्या आधी तपासणे. तीन, काकींना झाडापासून दूर ठेवणे. तिसरं जमलं नाही. रविवारी पहाटे काकींनी खुर्ची नेऊन थेट बुंध्याला टेकवली, पाठीला रेशीम लागलं तरी चालेल म्हणाल्या, आणि बसल्या.

मैत्रीण रिक्षातून उतरली तीच माझ्यावर तुटून पडली. “उवा? अगं उवा? तुला शाळेत जीवशास्त्रात किती मार्क होते ते मला माहीत आहेत, पण तेव्हा निदान तू कुणाचं झाड पाडत नव्हतीस.” मग काकींना नमस्कार केला, गुडघे टेकले, भिंग डोळ्याला लावलं.

“बघ,” तिने मला भिंग दिलं.

मी पाहिलं आणि पाहतच राहिले. तिळाएवढा जीव भिंगाखाली एक अख्खा गृहस्थ झाला होता. मोठं डोकं, दोन लांब मिश्या सतत हलत्या, पुढे आलेलं टेंगळासारखं कपाळ, पाठीवर आखूड पंख, जणू धाकट्या भावाचा शर्ट अंगात चढवलेला. तो डोकं इकडून तिकडे, इकडून तिकडे हलवत होता. मला वाटलं, ‘नाही’ म्हणतोय.

“विणतोय,” मैत्रीण म्हणाली. “रेशीम तोंडातून येतं यांच्या. डोकं हलवतात आणि धागा टाकतात. हा सगळा तंबू यांनी मिळून विणलाय, आणि सगळे त्याखाली राहतात. आया, पोरं, सगळे एकत्र. वरून पक्ष्याची नजर नको, ऊन नको, मुंग्या नकोत.”

“मंग ते झाड खातान कसं?” काकी मान न वळवता म्हणाल्या.

“झाड खातच नाहीत, काकी. पानाला तोंड लावत नाहीत, रस पीत नाहीत. सालीवर पावसाळ्यात शेवाळ धरतं, बुरशी येते, ते दगडफुलासारखं पापुद्र्याचं येतं ना, ते कुरतडतात. मेलेली साल खातात. झाडावरचा कचरा साफ.”

“दगडफूल?” आता काकींनी मान वळवली. “मसाल्यातलं?”

“त्याचेच भाऊबंद.”

“मंग ही चांगल्या घरची दिसतान,” काकी म्हणाल्या आणि भिंगासाठी हात पुढे केला.

काकींना मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून सगळं बारीक दिसतं आणि त्या ते सगळ्यांना सांगतात. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग अगदी शांतपणे म्हणाल्या, “याचं कपाल बग. चेअरमनसारखं नाय?”

तिथून आमचा ताबा सुटला. कारण ते खरंच तसं होतं. टेंगूळ, चकाकी, वर एकही केस नाही, आणि डोकं सतत नाही-नाही हलतंय. मैत्रिणीने पेन्सिलीच्या टोकाने रेशीम हळूच दाबलं तर सगळा कळप एका झटक्यात पसरला, ज्याला जिकडे वाट मिळेल तिकडे, आणि मिनिटभरात पुन्हा हळूहळू येऊन एकमेकांना टेकून उभा राहिला. हुबेहूब आमची वार्षिक सभा, चहा आला की होते तशी. आम्ही तीनदा दाबलं. तीनदा सभा उधळली आणि तीनदा भरली. मी पन्नाशीची बाई, सोसायटीची सचिव, हातात वही, आणि झाडाला धरून हसत होते, आणि धरलं तेव्हा लक्षात आलं की माझा तळहात त्यांच्या तंबूवर आहे आणि मला अजिबात खाजत नाहीये.

मैत्रीण सांगत होती, मी लिहीत होते. माद्या जास्त, नर थोडे. काही जातींत अंडी न घालता थेट पिल्लं होतात. ही त्यातलीच का, ते भिंगातून सांगता येणार नाही, सूक्ष्मदर्शक लागेल. पिल्लं जन्मतःच आईसारखी, फक्त लहान. मधे अळी नाही, कोश नाही. बऱ्याचशा माद्यांचे पंख आखूड, उडण्यासाठी नाहीत. काहींचे लांब निघतात आणि त्या दुसरं झाड शोधतात. थंडी आली, वारा सुटला की रेशीम फाटून जातं, आणि त्याखालचं झाड होतं तसंच राहतं, उलट जरा स्वच्छ. “यांचीच एक बहीण जुन्या कागदात राहते,” ती म्हणाली. “पुस्तकांवरच्या बुरशीवर. तुझ्या यार्डातल्या फायलींत असेल की.”

“माझ्या फायलींत बुरशी नसते.”

“बरं बाई.”

मी ओळीने टिक करत होते. चावत नाही, टिक. माणसाकडे येत नाही, टिक. झाडाला इजा नाही, टिक. शेवटी मी सहज विचारलं, फक्त यादी पूर्ण व्हावी म्हणून, “आणि उवांशी यांचा काही संबंध नाही, असं लिहू ना?”

मैत्रिणीने भिंग पुसायला घेतलं. फार वेळ पुसलं.

“असं नको लिहूस,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“म्हणजे आहे. संबंध. उवा यांच्याच कुळातून निघाल्या. फार फार पूर्वी, यांच्यातल्याच काही जणी प्राण्यांच्या अंगावर राहायला गेल्या आणि तिथल्याच झाल्या. घराणं एकच. चुलत म्हण.”

मी वही मिटली. “हे आपण तिघी सोडून कुणाला कळणार नाही.”

“मी शिक्षक आहे,” ती म्हणाली. “विचारलं तर सांगणार.”

साडेनऊला चेअरमन आले. अर्ज हातात, आता बारा सह्या. मागून आणखी सात-आठ बिऱ्हाडं उतरली, टॉवेलसकट वहिनीही, सगळे झाडापासून दोन गाड्यांच्या अंतरावर. तेवढ्यात फवारणीवाला, दहाचं सांगितलेला, लवकर येऊन पंप पाठीला अडकवून गेटजवळ उभा. मी वहीतून वाचून दाखवलं: शेवाळ, बुरशी, रेशीम, चावत नाही, टिक, टिक. वाचताना मला जाणवत होतं की माझा आवाज फार आनंदी येतोय आणि सोसायटीच्या सभेत असा आवाज कुणी काढत नाही. वहिनींनी टॉवेल थोडा सैल केला.

चेअरमन पूर्वी बँकेत नोकरीला होते. कागदात सुटलेली रिकामी जागा त्यांना बरोबर दिसते. “सगळं मान्य,” ते म्हणाले. “मग एकच सांगा, मॅडम, ह्या उवा आहेत की नाहीत?”

“नाहीत,” मी म्हटलं.

“उवांशी काही नातं?”

मी मैत्रिणीकडे पाहिलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. “आहे,” ती म्हणाली. “चुलत. फार लांबचं.”

टॉवेल पुन्हा आवळला गेला. कुणीतरी म्हणालं, बघा. फवारणीवाल्याने पंपाचा दांडा दोनदा खाली-वर केला, नुसता, हवा भरायला. काकी मात्र खुर्चीतून हलल्या नाहीत.

“माजा एक चुलता,” त्या म्हणाल्या, “लोकांच्या कोंबड्या चोरायचा. सगला गाव त्याला वलखायचा. म्हनून मना कोनी बांदून ठेवली नाय. मी याच पनवेलात उजल माथ्यानं राहते.” मग चेअरमनांकडे वळून, “तुमच्यात कोनी नाय असा?”

पाठीमागून चेअरमनांच्याच सौभाग्यवती शांतपणे म्हणाल्या, “आहेत की. तुमचे अंबरनाथचे काका.”

हसू आधी जिन्यात फुटलं, मग सगळीकडे. चेअरमनसुद्धा हसले, नाइलाजाने, नाही-नाही म्हणत डोकं हलवत, आणि ते डोकं हलताना पाहून आम्हा तिघींची जी अवस्था झाली तिचं कारण आम्ही आजवर कुणाला सांगितलेलं नाही. वहिनी पुढे आल्या, भिंग मागितलं, वाकल्या, आणि टॉवेल सुटून खांद्यावर पडला तो तसाच राहिला. त्यांच्या मागे रांग लागली. मैत्रीण पेन्सिलीने सभा उधळत होती आणि भरवत होती. फवारणीवाल्यानेही पंप उतरवून ठेवला आणि रांगेत उभा राहिला. त्याचा क्रमांक नववा होता.

तेरावी सही झाली नाही. पण झालेल्या बारा कुणी खोडायला तयार नव्हतं; सही खोडणं आमच्याकडे अपशकुनी मानतात की काय, कुणास ठाऊक. चेअरमनांनी तोडगा काढला. अर्ज त्यांच्या ड्रॉवरमध्ये राहील. मी नवी सूचना काढायची, ते तिच्यावर सही करतील, आणि ती सूचना फलकावर लागली की अर्ज फाडला जाईल. “फक्त दोन गोष्टी,” ते म्हणाले. “सूचनेत उवा हा शब्द नको. आणि खोटंही नको. नाव द्या त्यांना नीट, मराठी. तुम्हाला शुद्ध मराठी आवडतं ना.”

मला वाटलं पाच मिनिटांचं काम.

‘सालकिडे’ मी लगेच लिहिलं आणि लगेच खोडलं. किडे म्हटलं की कीड आली, आणि कीड आली की तो रकाना भरला. ‘रेशमी जीव’ चेअरमनांना पटलं नाही. म्हणाले, साडीचं दुकान वाटतं. मैत्रिणीने सुचवलेलं शास्त्रीय नाव वाचून वहिनींनी टॉवेलाकडे हात नेला. ‘झाडूवाले’ काकींनी सुचवलं, ते बरोबरही होतं, पण सोसायटीने नवा कंत्राटदार नेमला असा समज होऊन तिघांनी त्यांच्याकडे गच्चीची तक्रार दिली असती. जाळं विणतात म्हणून कोणीतरी ‘छोटे कोळी’ म्हणालं. मैत्रीण म्हणाली, कोळ्याला आठ पाय, यांना सहा. काकी म्हणाल्या, पायांचं राहू द्या, माजी एक विहीन उरनच्या कोलीवाड्यातली हाय, तिला कललं तर ती बोटीनं येईल भांडायला.

याला आता तीन ऑक्टोबर झाले. दर वर्षी पाऊस सरताना भोकर पांढरं होतं, आणि दर वर्षी रांग लागते. भिंग आता सोसायटीच्या खर्चाने घेतलेलं आहे आणि त्याची नोंद साहित्याच्या यादीत आहे. डिसेंबरात रेशीम उडून जातं. मेमध्ये भोकरं येतात आणि लोणच्याच्या बरण्या आता पाच झाल्यात, पाचवी चेअरमनांकडे जाते. तेही खातात, त्यांच्या बोटालाही चिकट लागतं. पण अर्ज फाडलेला नाही. बँकेचा माणूस, अट पूर्ण झाल्याशिवाय कागद सोडत नाही. काकी महिन्यातून एकदा विचारतात, “झालं का गं नाव?” हसत विचारतात, पण विचारतात, आणि मी नाही म्हटल्यावर खुर्ची बुंध्याजवळ थोडी सरकवतात.

सूचना माझ्याकडे तयार आहे. टाइप करून, तारखेची जागा सोडून, सहीची ओळ आखून. ‘सर्व सभासदांस कळविण्यात येते की, भोकराच्या झाडावर राहणारे ……… हे निरुपद्रवी असून’, आणि त्यापुढचं सगळं पूर्ण आहे. ठिपक्यांच्या जागी लिहायचा शब्द तेवढा राहिला आहे.